मूत्रपिंड आधी कुणाला? डायलिसिसच्या रुग्णांची मते

साताऱ्यात माझे थोरले बंधू जिथे डायलिसिस घेतात, तिथल्या बऱ्याच रुग्णांची नावे पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या प्रतीक्षायादीत आहेत. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास यंत्राला जोडलेली ही माणसे मूत्रपिंड आधी कुणाला मिळावे यावर ज्या पोटतिडकीने बोलतात, ती नियम ठरवणाऱ्या अधिकाऱ्यांपर्यंत पोहोचायला हवी.

यादीतला क्रम गुणांवर ठरतो. डायलिसिसवर काढलेल्या काळाला गुण मिळतात, हे सर्वांनाच रास्त वाटते. लहान मुलांना झुकते माप असते, त्याबद्दलही कुरकूर नाही. एक निवृत्त शिक्षक तर कोवळ्या पोराच्या आधी आपला नंबर लागू नये, असे आपणहून म्हणतात. फिस्टुलासाठी, म्हणजे डायलिसिसकरिता हातातली धमनी आणि शीर शस्त्रक्रियेने जोडण्यासाठी, शिरा उरल्या नसतील तर वाढीव गुण मिळतात, हे या रुग्णांना विशेष पटते, कारण फिस्टुला चालू आहे ना, हे मनगटावर बोटे ठेवून, त्याची थरथर चाचपून रोज सकाळी पाहणे त्यांच्या अंगवळणी पडलेले आहे. वाद होतो तो कर्त्या माणसावरून. माण तालुक्यातील एका शेतकऱ्याच्या मते ज्याच्यावर घर चालते त्याचा विचार आधी व्हावा. मला ते मान्य नाही. मग चूल सांभाळणाऱ्या बाईचे मोल कुणी ठरवायचे?

खरी सल वेगळीच आहे. ब्रेनडेड (मेंदू मृत झालेला) दाता ज्या रुग्णालयात आहे, तिथे प्रत्यारोपणाची सोय असेल, तर एक मूत्रपिंड त्याच रुग्णालयाच्या यादीला मिळते आणि दुसरे विभागाच्या सामाईक यादीकडे जाते. दात्याचे अवयव टिकवून ठेवणे, शोकात बुडालेल्या नातेवाइकांशी बोलणे ही कामे ते रुग्णालय करते, त्यामुळे नियमामागचा हेतू मला समजतो. परंतु आपल्याकडचा रुग्ण नोंदणीसाठी रुग्णालय निवडतो ते गावच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून किंवा खर्च पाहून, आणि तिथे अवयवदान कितपत होते यावर आपली प्रतीक्षा अवलंबून आहे, हे त्याला नोंदणीच्या वेळी कुणी सांगत नाही. 2023 मध्ये केंद्र सरकारने अधिवासाची (त्याच राज्याचा रहिवासी असण्याची) अट काढली, त्यामुळे परराज्यातही नाव नोंदवता येते. पण ज्याला फोन आल्यावर काही तासांत पोहोचायचे आहे, त्या पाटणच्या माणसाला त्याचा उपयोग कितीसा?

म्हणून नोंदणीच्या दिवशीच रुग्णालयाने आपली यादी किती लांब आहे आणि गेल्या वर्षी किती मूत्रपिंडे मिळाली हे मराठीत लेखी द्यावे, रुग्णाला त्याचे गुण वेळोवेळी कळवावेत आणि वाटपाचे नियम बदलताना डायलिसिसवरील रुग्णांनाही चर्चेला बोलवावे.