कागदावर रोज धावणारी बस

दहावीच्या पेपरात पत्राखाली स्वतःचं नाव घालायचं नसतं. अ. ब. क. लिहायचं, विद्यार्थी प्रतिनिधी लिहायचं आणि बाकी तपशील प्रश्नात दिलेला उचलायचा. उत्तरपत्रिका कुणाची ते ओळखू येऊ नये म्हणून हा नियम आहे आणि तो बरोबरच आहे. पण त्याची सवय कुठवर जाते, ते मला अकरावीच्या वर्गात बघायला मिळालं.

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवतो. निम्म्याहून जास्त पोरं आसपासच्या खेड्यांतून एसटीनं येतात. सोयाबीन काढणीत हजेरी पडते, ते दरवर्षीचंच. यंदा मात्र दिवाळी होऊन गेली, हरभऱ्याची पेरणी आटोपली, तरी एकाच वाटेवरच्या गावांतल्या पोरी शेवटच्या तासाला उठून जायच्या. विचारलं तर एक जण म्हणाली, "सर, सव्वापाचची गाडी यीनाच झालीय. आली तर सातला येती. अंधार पडला की घरचे बोलायलेत." तिच्या वडिलांनी तर 17 नंबरचा फॉर्म भरून बारावी बाहेरून करायचं ठरवूनही टाकलं होतं.

मी म्हणालो, आगारात अर्ज द्या. दुसऱ्या दिवशी अर्ज आला. अक्षर सुरेख, समास सोडलेला. 'वरील विषयास अनुसरून पत्र लिहिण्यास कारण की, आमच्या गावी बस येत नसल्यामुळे आमचे शैक्षणिक नुकसान होत आहे. तरी आपण सहानुभूतीपूर्वक विचार करावा.' आणि खाली सही : अ. ब. क., विद्यार्थी प्रतिनिधी.

गावाचं नाव नाही, गाडीची वेळ नाही, पोरीचंही नाव नाही. मी तिच्याकडं बघितलं. ती गंभीर होती. "खाली असंच लिवतात ना, सर?"

मी सांगून लिहून घेतलं असतं तर तासाभरात काम झालं असतं. पण मग तो अर्ज माझा झाला असता. आमच्या गल्लीत एसटीतून निवृत्त झालेले एक वाहतूक नियंत्रक राहतात, सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांना म्हटलं, वर्गात येऊन पोरांचे अर्ज वाचा, नोकरीत वाचत होता तसेच. "भाषण देणार नाही," एवढ्या बोलीवर ते आले.

सगळ्या वर्गानं अर्ज लिहून ठेवले होते. मामांनी चश्मा लावला, खुर्ची ओढली आणि एकेक कागद उचलून विषयाची ओळ तेवढी बघत टेबलाच्या एकाच कोपऱ्यात टाकत गेले. मजकूर वाचायची वेळच आली नाही. शेवटचा कागद टाकून म्हणाले, "हे सगळे फायलीला."

वर्ग गप्प. मामांनी वरचा अर्ज उचलला. "विषय, बस सुरू करणेबाबत. बस सुरू हाय की! टाइमटेबलात हाय. कागदावर रोज धावती. साहेब शेरा मारणार, 'फेरी सुरू आहे', आणि अर्ज निकाली."

मागच्या बाकावरून एक पोरगा उसळला, "म्हंजी आमीच खोटं बोलायलोत का?"

"खोटं नाही. मागायचं एक आणि मागायलात दुसरंच. नवी फेरी पाहिजे असंल तर विभागातनं मंजुरी लागती. तुमची फेरी मंजूर हाय, ती रद्द व्हायलीय न्हाईतर लेट व्हायलीय. ते आगाराच्या हातातलं काम."

मग त्यांनी सांगितलं ते कुठल्याच गाईडात नाही. लांब पल्ल्याची गाडी उशिरा आली, एखादी रस्त्यात बंद पडली, की असलेल्या गाड्यांत भागवावं लागतं. मग कुणाची तरी फेरी कापायची. कापली जाते ती ज्या वाटेचं भारमान, म्हणजे गाडी किती भरते ते, कमी, आणि जिच्याबद्दल कुणी ओरडत नाही ती. "म्हणून किती जणी चढत्यात ते लिवा. पासवाल्या पोरी मोजा. बाजारला येणाऱ्या अर्ध्या तिकिटावरच्या बायाबी मोजा. गाडी रिकामी पळत नाही हे साहेबाला दिसू द्या." मार्च 2023 पासून बायकांना एसटीत निम्मं तिकीट लागतं, तेव्हापासून त्या गाडीत उभं राहायला जागा नसते हे पोरींनाच जास्त ठाऊक. पण ते अर्जात लिहायचं असतं हे त्यांच्या गावी नव्हतं.

'शैक्षणिक नुकसान' या शब्दांवर मामा थांबले. "हे समद्यांच्याच अर्जात असतंय. वाचून डोळ्यापुढं काय येत नाही."

पुढचे काही आठवडे पोरींनी स्टँडवर वही ठेवली. तारीख, गाडी आली का, किती वाजता, किती जणी चढल्या. त्या वहीवरून दुसरा अर्ज उभा राहिला. विषय : सायंकाळची 5.15 ची फेरी वारंवार रद्द होत असल्याबाबत. मार्गाचं नाव आणि थांबे. या फेरीवर 34 विद्यार्थिनी अवलंबून, नावं आणि पास क्रमांक सोबत. फेरी न आल्याच्या तारखांची यादी सोबत. पाचनंतर या मार्गावर दुसरी बस नाही. मागणी दोनच वाक्यांत : फेरी वेळेवर सोडावी, आणि एखाद्या दिवशी रद्द करणं भागच पडलं तर चार वाजेपर्यंत कॉलेजच्या कार्यालयात फोन करून कळवावं. हे दुसरं वाक्य त्या पोरीचं. मामा खूश झाले, "हे साहेबाला खरंच करता येतंय."

कंडक्टर नीट बोलत नाही हेही पोरींना घालायचं होतं. त्याचा वेगळा अर्ज करा, असं ठरलं. एका पोरानं शेवटी 'प्रशासन झोपेत आहे' असं ठोकून दिलं होतं. मामा म्हणाले, "ज्याच्याकडनं काम करून घ्यायचं, त्यालाच झोपलाय म्हणायलास व्हय रे?" त्या वाक्यावर त्याचा फार जीव होता, म्हणून मी त्याला तालुक्याच्या बातमीदारासाठी तीच गोष्ट लिहायला लावली. बारावीला वृत्तलेख आहेच. तिथं पहिल्या ओळीत अंधारात उभ्या असलेल्या पोरी आल्या आणि पास क्रमांक गळाले. ग्रामपंचायतीसाठी लिहिलं तेव्हा आणखी तिसरंच रूप झालं, कारण सरपंचाला बस सोडता येत नाही, ठराव करून पाठवता येतो. मग मागणी ठरावाचीच.

अर्ज द्यायला मी सोबत गेलो, पण बोलायचं नाही असं ठरवून. खिडकीतल्या बाबूंनी मान वर न करता सांगितलं, "ठेवा इथं." पोरगी म्हणाली, "दुसऱ्या प्रतीवर पोच द्या, काका. आवक क्रमांक टाकून." बाबूंनी माझ्याकडं बघितलं. मी भिंतीवरचं वेळापत्रक वाचायला लागलो. शिक्का बसला.

डिसेंबरभर गाडी बरी आली. जानेवारीत पुन्हा तेच सुरू झालं. पोरीनं मला न विचारता स्मरणपत्र धाडलं, वर 'संदर्भ' म्हणून जुन्या अर्जाची तारीख आणि आवक क्रमांक. या वेळी उत्तर आलं : 'वाहनांच्या उपलब्धतेनुसार फेऱ्या सोडण्यात येतात.' मामा पोट धरून हसले. मी ते पत्र वर्गात वाचून दाखवलं. कुणाला काय सांगायचं नाही हे नेमकं ठाऊक असलेल्या माणसानं लिहिलेलं आहे, हेही शिकण्यासारखंच.

आता माहिती अधिकाराचा अर्ज चाललाय. 2005 चा कायदा, 10 रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, आणि आपल्या राज्याच्या नियमात अर्ज एकाच विषयावर, 150 शब्दांच्या आत. पोरीला बारावी बाहेरून करायला लावायला निघालेले ते वडीलच अर्जदार म्हणून सही करणार आहेत. पोरांना पहिल्याच ओळीत 'बस का येत नाही?' असं विचारायचं होतं. तसं विचारून भागत नाही, कार्यालयाच्या दप्तरी जे आहे तेच मागता येतं. तेव्हा आता 1 ऑक्टोबर ते 31 जानेवारी या काळात ही फेरी रद्द झाल्याच्या तारखा आणि त्यापुढं नोंदवलेल्या कारणाची प्रत मागितली आहे. मसुदा अजून दीडशे शब्दांच्या वर जातोय. 'महोदय, आपल्या निदर्शनास आणून देऊ इच्छितो की' एवढं काढलं तर सात शब्द वाचतात, हे एकानं मोजून दाखवलंय, आणि ते काढावं की नाही यावरून वर्गात दोन तट पडलेत.