हेपेटायटिस सी परत दिसला तर त्याच गोळ्या परत नकोत

गोळ्यांचा कोर्स संपून तीन महिने झाले की व्हायरल लोड, म्हणजे रक्तात व्हायरस किती आहे ती टेस्ट, करतात आणि त्यात काही सापडलं नाही तर हेपेटायटिस सी बरा झाला असं धरतात. बहुतेकांचा होतोच बरा. पण फोंड्याच्या आमच्या वहिनींचा फोन आला, ह्यांचा (म्हणजे त्यांच्या नवऱ्याचा) रिपोर्ट परत पॉझिटिव्ह आलाय, त्याच गोळ्या अजून तीन महिने घेतल्या तर चालेल काय?

मी लॅबमध्ये पीसीआरवरच, म्हणजे जीन वाढवून व्हायरस शोधायच्या टेस्टवर, काम करते, म्हटलं वहिनी थांबा, आधी टेस्ट कुठली ते बघा, कारण अँटिबॉडी टेस्ट (शरीराने व्हायरसविरुद्ध केलेली प्रथिनं बघणारी) बरं झाल्यावरही पॉझिटिव्हच राहते. तर ती व्हायरल लोडच होती.

हा आरएनए व्हायरस, साधारण ९६०० अक्षरांचा, आणि त्याची कॉपी काढणारं एन्झाइम चुका तपासतच नाही, त्यात अंगात रोज लाख कोटीच्या घरात नवे व्हायरस तयार होतात, म्हणजे गोळी सुरू करायच्या आधीच थोडे बदललेले त्यात असतात. गोळीने बाकीचे मरतात, हे उरतात आणि वाढतात. आपल्याकडे जास्त दिसणाऱ्या जीनोटाइप ३ ह्या व्हायरसच्या प्रकारात वाय९३एच म्हणून म्युटेशन (जीनमधला बदल) आहे, व्हायरसच्या एनएस५ए प्रोटीनच्या ९३ व्या जागी टायरोसीनऐवजी हिस्टिडीन, एवढंच, पण डाक्लाटासविर हे ह्याच प्रोटीनवरचं औषध जवळपास निकामी होतं आणि तसल्याच वेलपाटासविरचाही जोर कमी होतो. सोबत देतात त्या सोफोसबुविरला दाद न देणारं एस२८२टी म्युटेशन क्वचितच सापडतं, कारण तो व्हायरस स्वतःच नीट वाढत नाही. एनएस५ए बदललेले व्हायरस मात्र औषध बंद केल्यावरही वर्षानुवर्षं टिकतात, म्हणून तीच गोळी परत घेऊन काय मिळणार?

हे शोधायला रक्तातला आरएनए काढून एनएस५ए जीन वाढवतात आणि सिक्वेन्सिंग करतात, म्हणजे त्याची अक्षरं वाचतात. सिक्वेन्सिंगच्या जुन्या सँगर पद्धतीत बदललेले व्हायरस १५-२० टक्के तरी असावे लागतात, नवीन एनजीएस (नेक्स्ट जनरेशन सिक्वेन्सिंग) पद्धतीत १ टक्काही दिसतो, पण उपचार ठरवताना साधारण १५ टक्क्यांच्या वरचंच धरतात. जीनोटाइपही परत करून घ्या, कारण कधी कधी हे नवं इन्फेक्शन निघतं, मग सगळा हिशोबच वेगळा!

पहिल्यांदा उपचार घेणाऱ्या सगळ्यांना ही टेस्ट लागत नाही, उगाच खर्च करू नका, पण जीनोटाइप ३ आणि सिरोसिस (लिव्हर कडक होणं) असेल तर विचारा. परत उपचार करायचा झाला तर व्हॉक्सिलाप्रेविर असलेली तिहेरी गोळी किंवा गोळ्यांना रिबाविरिन हे औषध जोडून २४ आठवडे असे मार्ग आहेत, कुठला ते लिव्हरचे डॉक्टर ठरवतील. २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात औषधं फुकट मिळतात, तेव्हा बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) विचारा. जाताना जुन्या गोळ्यांची नावं, कधी संपल्या ते कागद न्या, आणि चवथीच्या गडबडीत मधे गोळ्या चुकल्या असतील तर तेही डॉक्टरांना सांगा, लपवू नका.