कोतोपाक्सी: इथे लाव्हापेक्षा चिखलाची भीती जास्त

इक्वेडोरला कोणी जात असाल तर राजधानी क्वितोमधून एक दिवस काढून कोतोपाक्सी हा ज्वालामुखी कराच, शिखर चढायची हौस नसली तरी. 5,897 मीटर उंची, शहराच्या दक्षिणेला साधारण 50 किमी, हवा स्वच्छ असेल तर क्वितोतूनच दिसतो. लांबून एकदम कॅलेंडरवरचा पांढरा शंकू! जवळ गेल्यावर त्याचे उद्योग कळतात.

नॅशनल पार्कात शिरल्यावर लिंपियोपुंगो तळ्याच्या परिसरात सगळे डोंगराचेच फोटो काढत बसतात, पण जरा पायाखालचं माळरान पण बघा. तिथे मोठमोठे धोंडे कुठेही पडलेत, आणि हे सगळे वरून उडून आलेले नाहीत, बरेचसे वाहून आलेत. 26 जून 1877 च्या उद्रेकात तापलेल्या राख-दगडांचे लोट हिमनदीवरून खाली आले, बर्फ वितळलं, आणि पाणी, राख, दगड सगळं मिळून जो चिखलाचा पूर आला (लाहार म्हणतात त्याला) त्याने लाताकुंगा गाव उद्ध्वस्त केलं, दुसरा लोंढा उत्तरेकडून फिरून साधारण 18 तासांत थेट पॅसिफिक किनाऱ्याला लागला. त्याआधी 1742, 1744, 1768 ला पण हाणलं होतं. तरी लाताकुंगा आहे तिथेच आहे, आणि आज त्या नदीखोऱ्यांत तीन लाखांवर लोक राहतात.

आपल्याला सह्याद्रीतले आडवे थर बघायची सवय, तिथला बेसॉल्ट पातळ होता, भेगांतून निघून लांबवर पसरला. इथे नाझका प्लेट (पॅसिफिकच्या तळाचा भूपट्ट) दक्षिण अमेरिकेखाली घुसते, तिच्यातलं पाणी वरच्या मँटलमध्ये (कवचाखालच्या खडकाच्या थरात) गेलं की तो खडक कमी तापमानाला वितळतो, आणि तो मॅग्मा वर येईपर्यंत चिकट अँडेसाइट (बेसॉल्टपेक्षा घट्ट लाव्हा) होतो. तो फार लांब जात नाही, तोंडापाशीच साचतो, वर राखेचे थर, म्हणून हा उभा शंकू. रस्ता कापलाय तिथे गाडी थांबवायला सांगा, काळी राख आणि फिकट प्युमिस (हलका, भोकाभोकांचा ज्वालामुखी दगड) आलटून पालटून दिसतात. फिकट थर जुन्या, जास्त स्फोटक उद्रेकांचे. मला विचाराल तर शिखराच्या फोटोपेक्षा हे भारी.

आता कामाचं. क्वितो 2,850 मीटरवर आहे, आधी तिथे दोन-तीन दिवस काढा, उतरल्या उतरल्या इकडे पळू नका. गाडी साधारण 4,600 मीटरपर्यंत जाते, पुढे होसे रिबास रिफ्यूज (गिर्यारोहकांचा निवारा) 4,864 ला. अंतर किरकोळ वाटतं पण भुसभुशीत राखेत पाय मागे घसरतो, त्यात वारा, तासभर धरून चाला. डोकं ठणकायला लागलं, मळमळलं तर सरळ खाली या, तिथे हिरोगिरी नको. सकाळी लवकर निघा, दुपारी ढग गच्च. विंडचीटर, हातमोजे, गॉगल, सनस्क्रीन मस्ट, थंडी वाजते म्हणून ऊन लागत नाही असं नाही, विषुववृत्त आहे ते.

शिखरवाल्यांनो, मध्यरात्रीच्या सुमारास निघावं लागतं, क्रॅम्पॉन (बर्फात बुटाला लावायचे खिळे), दोर आणि अनुभवी गाइड हवाच. पण बुकिंगआधी क्वितोच्या इन्स्टिट्यूटो जिओफिसिकोचं (ज्वालामुखींवर लक्ष ठेवणारी संस्था) बुलेटिन बघा. ऑगस्ट 2015 च्या स्फोटांनंतर शिखर 2017 पर्यंत बंद होतं, ऑक्टोबर 2022 पासून परत राख उडायला लागली तेव्हाही बंद केलं. तिकडे अमेरिकन डॉलरच चालतात, सुट्टे ठेवा, आणि खाली उतरल्यावर लोक्रो दे पापा म्हणजे बटाटा-चीजचं गरम सूप मागवा, व्हेज मंडळींची सोय होते.