प्लिमथला जाताय? मग खडक शेवटी ठेवा

बॉस्टनला मुलांकडे आलेल्या आईबाबांची प्लिमथवारी ठरलेली असते, आणि बहुतेकांची सुरुवात चुकते ती किनाऱ्यावरच्या खडकापासून. दगडी खांबांच्या मंडपात, खाली वाळूत, १६२० कोरलेला एक धोंडा. इंग्लंडहून वसाहत करायला आलेल्या मेफ्लॉवर जहाजाचे १०२ प्रवासी त्याच्यावर उतरले असं त्यांच्यापैकी कुणीच लिहून ठेवलेलं नाही. १७७४ मध्ये हलवताना तो दुभंगला, सांधा आजही दिसतो. दोन मिनिटांत पाहून होतो. तिकीट नाही, एवढंच बरं.

खरा दिवस द्यायचा तो चार-पाच किलोमीटरवरच्या प्लिमथ पटक्सेट संग्रहालयाला. इथे १६२७ सालची वसाहत नव्याने उभी केली आहे. उताराचा मातीचा रस्ता, दुतर्फा शाकारलेली एकखणी घरं. बाहेरून फळ्या, पण आत चक्क आपल्या कोकणासारखा कूड: काठ्यांच्या विणीवर माती-गवताचा गिलावा.

घरातली माणसं, म्हणजे वसाहतवाल्यांच्या भूमिकेतले नट, १६२७ मध्येच जगतात. त्यांना राष्ट्राध्यक्ष कोण विचारलंत तर कोरा चेहरा. तेव्हाच्या इंग्लंडच्या राजा पहिल्या चार्ल्सबद्दल विचारा, नाहीतर मक्याला खत काय घालता ते. उत्तर येईल, हेरिंग मासे. ही युक्ती वसाहतवाल्यांना शिकवली पटक्सेटच्याच, म्हणजे इथल्याच मूळ वस्तीतल्या टिस्क्वांटमने. बोली जुनी इंग्रजी, पहिली दहा मिनिटं कान लावावा लागतो.

शेजारच्या वाम्पानोआग वस्तीत मात्र हा खेळ चालत नाही. तिथले मूलनिवासी पारंपरिक वेशात असले तरी नट नव्हेत, आजचेच लोक म्हणून बोलतात. त्यांच्या पोशाखाला ‘कॉस्च्युम’ म्हणू नका. होडीचं काम चालू असेल तर थांबा: ओंडक्यात निखारे धुमसत ठेवायचे, जळलेला थर खरवडायचा, पुन्हा निखारे. कडेला ओली माती थापतात, नाहीतर आग भिंत खाते.

संग्रहालयातलं हे गाव हिवाळ्यात बंद असतं. वसंतापासून नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणापर्यंतच जा, तारखा आधी बघून. पाऊस पडून गेला असेल तर चपला नकोत. रेल्वेने यायचं तर किंग्स्टनला उतरून पुढे टॅक्सी. प्लिमथ स्टेशन २०२१ पासून बंद आहे.

परतताना बंदरात मेफ्लॉवरची प्रतिकृती पाहा. ती इंग्लंडमध्ये बांधून १९५७ मध्ये शिडांवर अटलांटिक ओलांडून आणली. खालच्या मजल्यावर उंच माणसाला वाकूनच उभं राहावं लागतं. मूळ जहाजातल्या प्रवाशांनी अशाच जागेत ६६ दिवस काढले. खडक तिथून चालत पाच मिनिटांवर.