रोममधला कापडी घुमट

रोममध्ये चार दिवस होतो. कोलोसियम, व्हॅटिकन, कारंजी, सगळं रीतसर उरकलं. लिहायचंय ते संत इग्नेशियसच्या चर्चबद्दल. खरं तर तिथल्या रांगेबद्दल.

पँथिऑनपासून चालत पाच मिनिटांवर हे भरगच्च सजावटीच्या बरोक शैलीतलं चर्च. इग्नेशियस म्हणजे जेझुइट या कॅथलिक पंथाचे संस्थापक. गोव्याच्या बॉम जेझू चर्चमध्ये ज्यांचं शव आहे, ते फ्रान्सिस झेवियर त्यांचेच सोबती. बांधकाम १६२६ साली सुरू झालं.

आत शिरलो तर ही भली मोठी रांग. कशासाठी? तिरक्या ठेवलेल्या आरशासाठी! छतावरचं चित्र मान न अवघडता दिसावं म्हणून तो ठेवलाय. पण जो तो त्यात स्वतःलाच बघत होता. ओठांचा चंबू, केस मागे, फोटो. पुन्हा फोटो. आणि डोक्यावर चित्रकार आंद्रेआ पोझ्झोनं उघडं आकाश रंगवलेलं. जमिनीवर संगमरवराची एक गोल चकती आहे. तिच्यावर उभं राहिलं की चित्रातले खांब खऱ्या भिंतींतूनच सरळ वर गेल्यासारखे वाटतात. चार पावलं सरकलं की कलंडायला लागतात.

"चल गं, कोण थांबतंय या सेल्फीवाल्यांत," मी म्हटलं.

"मला मान वर करता येत नाही, विसरलीस?" आई म्हणाली. स्पाँडिलायटिस. विसरलेच होते.

पस्तीस मिनिटं थांबलो. आई आरशावर ओणवी झाली, पदर सावरत.

"ही उंटावर कोण बसलीय?"

"आशिया खंड, बाईच्या रूपात."

"म्हणजे आपण होय!"

मागचे लोक चुळबुळत होते. त्यांना खुशाल थांबवून मीही आमच्या दोघींचे सहा फोटो काढले, हेही सांगून टाकते.

घुमटाचं मात्र आईला मुद्दाम सांगितलं नव्हतं. खऱ्या घुमटाला पैसा पुरला नाही म्हणतात. म्हणून १६८५ मध्ये पोझ्झोनं सुमारे १७ मीटर रुंदीच्या कापडावर घुमट रंगवला आणि तो वर बसवला. लांबून बघताना मी तर पुरती फसले असते. आईनं डोळे बारीक केले.

"बाहेर एवढं ऊन पडलंय, मग तिथेच अंधार कसा?"

"जरा पुढे चल."

वेदीकडे चालत गेलो तसा घुमट एका बाजूला ओढल्यासारखा वाकडा झाला. आई थबकली, दोन पावलं मागे आली, परत पुढे गेली.

"अगं, पडदा आहे हा! नाटकातला!"

इतकी मोठ्यानं म्हणाली, की रांगेतल्या दोघा-तिघांनी आरसा सोडून वर पाहिलं.