किटली पालेजला उतरत नाही

८ जानेवारी

आत्याबाईंचा फोन. “आता काय बाई, वेळच वेळ! दिवसभर चित्रं काढत असशील.” हो म्हटलं. आत्याबाईंना नाही म्हणायची आमच्याकडे पद्धत नाही.

दिवाळीच्या सुमारास रिटायर झाले, तेव्हापासून वही जवळजवळ कोरीच आहे. टेबल आहे, तेही खिडकीपाशी. उजेड चांगला येतो. ह्यांनी कौतुकानं २बी पासून ८बी पर्यंतच्या पेन्सिली आणून दिल्या, वर एक जाड कागदाची वही. बडोद्याहून अंकलेश्वरला गाडीनं अपडाउन करत होते तेव्हा यातलं काहीच नव्हतं. ऑफिसातल्या जुन्या प्रिंटआउटच्या पाठकोऱ्या कागदांची शिवलेली वही आणि बॉलपेन, एवढाच संसार. तेवढ्यावर लेडीज डब्यात किती काढलं! तोंड उघडं टाकून झोपलेल्या बायका. दाराशी उभ्या राहून केस विंचरणाऱ्या मुली. नर्मदेचा पूल आला की पर्समध्ये सुट्टे पैसे शोधणारी बोटं.

थंडीत तर डब्यात लीलवा सोलायचा कारखानाच चालायचा. मांडीवर ओढणी, ओढणीत तुरीच्या शेंगा, सालं पिशवीत, दाणे स्टीलच्या डब्यात. करजणला एक बाई चढायच्या, पालेजच्या शाळेत शिकवायच्या. त्यांचा अंगठा शेंगेच्या शिवणीवरून असा काही फिरायचा की शेंग आपण होऊनच उघडते आहे असं वाटावं. चार दाणे खळकन डब्यात, साल डावीकडे, तोवर दुसरी शेंग हातात. नजर खाली नाही. तोंडानं सासूची गोष्ट चाललेली. नखाच्या कडेला हिरवी रेघ, ती मार्चपर्यंत जात नसे. तो अंगठा मला कागदावर हवा होता. पण पालेज आलं की बाई ओढणी झटकून उतरायच्या. जे काय व्हायचं ते करजण ते पालेज. कधी नुसतं नख यायचं, कधी मनगटापर्यंत पोचायचे. एकदा सिग्नलला गाडी थांबली आणि सगळा हात मिळाला.

आज दुपारी टेबलावर चहाची किटली ठेवून बसले. छान पितळी किटली, सासूबाईंच्या वेळची. बसले आणि बसूनच राहिले. किटली पालेजला उतरत नाही. आत्ता नाही काढली तर चारला काढू, चारला नाही तर उद्या. ती कुठे जाते!

९ जानेवारी

बँक, केवायसी, परत बँक. रद्दी दिली. काही काढलं नाही.

१० जानेवारी

लेकीनं पुण्याहून फोनवर एक ॲप घालून दिलंय. दिवसाचे रंगीत तुकडे पाडायचे: हिरवा व्यायामाचा, निळा वाचनाचा, नारिंगी ‘क्रिएटिव्ह’. वेळ झाली की टिंग वाजतं. तिचं म्हणणं, पहाटे पाचला उठलीस तर दोन तास कुणाचा त्रास नाही. तिला म्हटलं, बाळ, जानेवारीत बडोद्याला सव्वासात वाजून गेले तरी धड उजाडत नाही. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाचं आणि आपण त्र्याहत्तरावर. इथला सूर्य घड्याळाच्या ३७ मिनिटं मागं चालतो. पाचला उठून काय, ट्यूबलाइटचं चित्र काढू?

टिंग वाजलं. नारिंगी. मी भाजी निवडत होते, ती निवडत राहिले. स्वतःच घातलेल्या वेळेला माणूस घाबरत नाही, हा त्यातला घोळ. आपणच वेळ लावणार, आपणच पुढे ढकलणार, आणि बोलणारं कुणी नाही. गाडीचं तसं नव्हतं. ती मला विचारून सुटत नसे.

संध्याकाळी भूपेन खख्खर आठवले. हिशेबाच्या धंद्यातल्या माणसाला ते जवळचे वाटणारच. मुंबईचे चार्टर्ड अकाउंटंट, १९६२ साली बडोद्याला आले, युनिव्हर्सिटीत कलासमीक्षा शिकले. पण हात रंगवण्यात बसला तो स्वतःच्या स्वतः, आणि चित्रकार म्हणून नाव झालं तरी कितीतरी वर्षं अर्धवेळ अकाउंटंटची नोकरी चालू होती. हे ऐकलं की लोक हळहळतात, एवढ्या मोठ्या कलावंताला खतावण्या लिहाव्या लागल्या म्हणून. पैशांची गरज असेलच. मला मात्र तसं हळहळावंसं वाटत नाही. १९७२ चं त्यांचं ‘जनता वॉच रिपेअरिंग’ बघा. घड्याळजी, त्याचं दुकान, पाटी. त्याच सुमारास शिंपी आला, न्हावी आला. दुकानात पाय न ठेवणाऱ्या माणसाला हे दिसत नाही. दिवसाचा एक तुकडा व्हाउचर आणि डेबिट-क्रेडिटमध्ये घालवणाऱ्याला दुकानदार कसा बसतो, गिऱ्हाईक नसताना हात कुठे ठेवतो, ते बरोबर दिसतं. हा माझा तर्क, आणि त्यात अकाउंट्सवाल्यांची थोडी बाजू घेणं आहे, ते मान्य.

११ जानेवारी

मांडवीला गेले होते, सेंट्रल लायब्ररीत. पुस्तकाची मुदत संपत आली होती. जिन्यापाशी उभं राहिलं की अजून तेच वाटतं जे कॉलेजात असताना वाटायचं: लोखंडी रॅक, आणि त्यांच्यामधून काचेची जमीन, म्हणजे उजेड खालच्या मजल्यापर्यंत झिरपतो. सयाजीरावांनी १९१० साली अमेरिकेहून बॉर्डन नावाचा ग्रंथपाल आणला आणि राज्यभर वाचनालयांचं जाळं विणलं. खेड्यांत पुस्तकांच्या लाकडी पेट्या जायच्या, वाचून झाल्या की परत यायच्या. स्वतः महाराज १८७५ मध्ये दत्तक आले तेव्हा बारा वर्षांचे होते आणि अक्षरओळखही नव्हती. त्या माणसाला वाचनाची किंमत कळायला भाषण ऐकावं लागलं नसणार.

परत येताना वाटलं, लायब्ररीची पुस्तकं मी वाचते आणि विकत घेतलेली वाचत नाही. कपाटात आहेत की! दोन वर्षांपूर्वी पुण्याहून हौसेनं आणलेली, प्लॅस्टिकसुद्धा निघालेलं नाही. विकतचं पुस्तक वाट बघतं. लायब्ररीचं बघत नाही, तारखेला परत जातं. मुदत आली की दोन रात्रीत दीडशे पानं होतात. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, “मग विकत घेऊ नकोस.” पुरुषांना प्रत्येक गोष्टीतून खर्चकपातच सुचते.

रिक्षा कीर्ती मंदिरावरून, म्हणजे गायकवाडांच्या स्मारकावरून गेली. शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस यांनी आतल्या चार भिंती रंगवल्या त्या एका दमात नाहीत. १९३९ साली सुरुवात केली आणि १९४६ उजाडलं. गंगावतरण, मीराबाई, नटीर पूजा आणि महाभारताचं युद्ध. यायचे, एखादी भिंत करायचे, परत शांतिनिकेतन. तिथलं शिकवण्याचं काम सोडून इथे मुक्काम ठोकला असता तर भिंती लवकर झाल्या असत्या का? मला नाही वाटत. पण विश्वामित्रीच्या पुलावर ट्रॅफिक होता आणि रिक्षावाला मागे वळून पतंगाचे भाव सांगायला लागला, तेव्हा विचार तिथेच राहिला.

१२ जानेवारी

गेंडीगेटला दोरी रंगवून घ्यायला गेलो. नातू नाही, कुणी नाही, पण ह्यांची हौस. “चायनीज नाही ना?” हे विचारून घ्यायचंच. बंदी आहे, तरी मिळते, आणि दरवर्षी पक्ष्यांचे पंख नि माणसांचे गळे कापले जातात.

रस्त्याच्या कडेला दोन बांबू, मध्ये पांढऱ्या सुताच्या कितीतरी रेघा ताणलेल्या. रंगवणाऱ्याच्या मुठीत गुलाबी लगदा: भाताची चिकट खळ, रंग आणि काचेची वस्त्रगाळ पूड. बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या. एका टोकाला सूत मुठीत घेऊन तो चालत निघतो, दुसऱ्या टोकापर्यंत, मूठ सुटत नाही, पाऊल अडखळत नाही. परत. मग तिसऱ्यांदा नुसत्या चिंधीतून, जास्तीचा लगदा पुसायला. ऊन उतरायच्या आत सुकलं पाहिजे, नाहीतर फिरकीवर गुंडाळताना चिकटणार, म्हणून पाय उचलून चाललेलं. मागे आमच्यासारखी वीस गिऱ्हाइकं. ह्या बोटांना चिंध्या असून कातड्यावर बारीक काप होते, गुलाबी रंगात काळे दिसणारे.

वही नव्हती. हातात दोरीच्या पैशांची पावती होती, तिच्या मागे काढलं. मूठ आली. खांदा जरा चुकला, कारण तोवर तो पलीकडच्या बांबूपाशी पोचला होता. ह्यांनी पावती बघितली आणि म्हणाले, “ही दाखवल्याशिवाय फिरकी मिळणार नाही.” मग फिरकी घेतली आणि पावती त्याच्याकडून परत मागून घेतली. तो हसला. स्वतःची मूठ ओळखली असावी.

१४ जानेवारी

उत्तरायण. सकाळी तीळगूळ, गुळाच्या पोळ्या. दुपारी शेजारच्या बेनकडून उंधियू आणि जिलेबी. आपल्याकडून त्यांना पोळ्या. हे बडोद्यात कितीएक वर्षं चालू आहे आणि कुणालाच त्यात काही विशेष वाटत नाही.

गच्चीवर सगळी सोसायटी. स्पीकर, शेंगदाण्याची चिक्की, बोरं, “काप्यो छे!” हे दरवर्षीप्रमाणे एक पतंग मोठ्या दिमाखात चढवतात आणि अर्ध्या तासात कापून घेतात, मग वाऱ्याला दोष. आज वाऱ्याला दोष नव्हता, वारा उत्तम होता.

मी वही घेऊन पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसले. पतंग उडवणाऱ्याकडे सगळे बघतात, फिरकी धरणाऱ्याकडे कुणी बघत नाही. फिरकी बहुधा बहिणीच्या, बायकोच्या, आईच्या हातात. चारी दिशांनी आकाशात धुमश्चक्री आणि हिचं लक्ष उडवणाऱ्याच्या कोपराकडे. ढील दिली की फिरकी सैल, ओढलं की लपेट. समोरच्या गच्चीवर सत्तरी ओलांडलेल्या एक बा होत्या. सुती साडी, डोळ्यांवर नातवाचा गॉगल, डोक्यावर सनकॅप, मांडीवर फिरकी. नातू ओरडला “लपेट!” की बांच्या दोन्ही तळहातांत ती दांडी अशी गरगरत होती की माझ्या पेनाला सापडेना. एकदा हात काढले, मग परत हात, मग गॉगल. पानामागून पान गेलं. संध्याकाळी वारा पडला, सव्वासहाच्या सुमारास सूर्य गेला, पोरं दोरीला तुक्कल, म्हणजे कागदी कंदील, बांधायला लागली, तरी मी खाली उतरले नव्हते. ह्यांनी वरून-खालून दोनदा हाक मारली. कुकर मी लावलाच नव्हता. रात्री उरलेला उंधियू.

पानं बघितली. चांगली सगळी नाहीत. पण दोन ठिकाणी दांडी फिरते आहे, खरोखर फिरते आहे. अंगठा कुठे आहे ते दाखवलेलंच नाही, तरी दिसतो. हे टेबलावर बसून झालं नसतं. बा उद्याही त्याच गच्चीवर असतील, गॉगल लावतीलच याची खात्री नाही.

१५ जानेवारी

वासी उत्तरायण. गॉगल नव्हता.

१७ जानेवारी

लेकीला फोटो पाठवले. तिला भलतेच आवडले. म्हणाली, स्कॅन कर, रोज एक टाक, लोक वाट बघतील, शिस्त लागेल. नको म्हटलं. मला वाट बघणारी माणसं नकोत, उतरून जाणारी हवीत. तिला हे विचित्र वाटलं. तिच्या वयात मलाही वाटलं असतं. ती म्हणाली, मग रोज पास काढून करजणपर्यंत जाऊन ये ना! थट्टेत म्हणाली. मी वेळापत्रक बघून ठेवलंय, ते तिला सांगितलं नाही.

हळदीकुंकवाची आमंत्रणं सुरू झालीत, रथसप्तमीपर्यंत चालतील. तिथे वही काढता येत नाही, वाईट दिसतं. बायका वाणाच्या डब्या उघडून बघतात तेव्हाचे चेहरे मात्र सोन्यासारखे असतात. डोक्यात घेऊन घरी यायचं आणि चपला काढायच्या आत उतरवायचं. बघू.

ॲप काढून टाकलं. ह्यांनी तेवढ्यासाठी मला फोन शिकवला, हा एक फायदा.

उद्या ह्यांची डोळ्यांची तपासणी. थेंब घालून तासभर बसवतात, समोर टोकनचा आकडा बदलत असतो, एकेक माणूस उठून आत जातो. मी येते म्हटलं. “तू कशाला? मी रिक्षानं जाईन.” म्हटलं, मी तुमच्यासाठी येतच नाहीये.