नावात रिडेव्हलपमेंट, पण बिल्डर नाही

ऑफिसातल्या एका सहकाऱ्यानं रविवारी त्याच्या आईकडे जेवायला नेलं. मॅनहॅटनमधलं चेल्सी, आठव्या-नवव्या अ‍ॅव्हेन्यूच्या मधे उभ्या असलेल्या विटांच्या दहा टोलेजंग इमारती, मधे झाडं आणि बाकं. रहिवाशांच्या या सहकारी सोसायटीला सगळे म्हणतात 'पेन साउथ', पण कागदोपत्री नाव 'म्युच्युअल रिडेव्हलपमेंट हाउसेस'. ते ऐकून मी थबकलोच. ठाण्यातल्या आमच्या सोसायटीच्या रिडेव्हलपमेंटच्या संमतीपत्रावर सही करून जेमतेम महिना झालाय.

सहकाऱ्याच्या आईच्या, म्हणजे आजींच्या, सासूबाई कपड्यांच्या कारखान्यात शिलाई करायच्या. हे संकुल उभं केलं त्यांच्या युनियननं, इंटरनॅशनल लेडीज गारमेंट वर्कर्स युनियननं. कामगारांना चालत कारखान्यात जाता यावं म्हणून जागा इथली. 2,820 घरं. 19 मे 1962 ला उद्घाटनाला खुद्द राष्ट्राध्यक्ष केनेडी आले होते. सहकाराचा व्याप सांभाळणारे अब्राहम कझान, आर्किटेक्ट हर्मन जेसर. मोठ्या इमारती बांधतानाही जेसर स्वयंपाकघराला खिडकी देत. आजींच्या ओट्यासमोर ती आहे, खाली कुंडीत पुदिना. आधी इथे राहणाऱ्यांना मात्र उठावं लागलं. जुनी वस्ती पाडूनच हे झालं, तेही आजींनी लपवलं नाही.

मला हलवलं ते इथल्या एका नियमानं. घर सोडताना ते बाजारभावानं विकता येत नाही. आपण भरलेलं भागभांडवल नियमाप्रमाणे परत घ्यायचं, आणि घर प्रतीक्षायादीतल्या पुढच्या माणसाला. चेल्सीत! बाहेर रस्ता ओलांडला की घरांच्या किमती ऐकून छाती दडपते. 1980च्या दशकात सोसायटीला मिळालेल्या सरकारी करसवलतीची 25 वर्षं संपत आली, तेव्हा खुल्या बाजारात विकायची वाट मोकळी होत होती. एकेका कुटुंबाचं नशीब पालटलं असतं. सभासदांनी मतदान करून ते नाकारलं. पुढेही मुदत वाढवत राहिले. मी आजींना तीनदा विचारलं, कुणी भांडलं नाही? "भांडले की! पण मग माझ्या सासूसारखी बाई इथे परत कशी आली असती?" त्यांच्या आवाजात कसलाही अभिनिवेश नव्हता.

वीजसुद्धा स्वतःच्या प्लँटची. 2012 मध्ये सँडी वादळात आजूबाजूचं चेल्सी अंधारात होतं, यांच्याकडे दिवे चालू होते.

आपल्याला सहकार शिकवायला कुणी नको, हेही मी तिथे ठासून सांगितलं. गावदेवीची सारस्वत सोसायटी 1915 ची. कझान यांची ब्राँक्समधली पहिली मोठी सोसायटी 1927 ची. प्रवरानगरच्या साखर कारखान्याचं सांगितलं, तेव्हा माझा सहकारी वहीच काढून बसला. पण गिरणगावाबद्दल त्यानं विचारलं तेव्हा मी फार बोललो नाही. तिथे आता काय उभं आहे ते तुम्हाला ठाऊक आहे.

आमच्या सोसायटीचं मात्र वेगळं आहे. तिसरा मजला, लिफ्ट नाही, आईचे गुडघे, गच्चीची दर पावसाळ्यातली गळती. दुरुस्तीला पैसा कुणाकडे आहे? बिल्डर वाढीव कार्पेट एरिया देतोय, बांधकाम होईपर्यंतचं भाडं देतोय, कॉर्पस निधी देतोय. सोळाच्या सोळा सभासदांनी सह्या केल्या, कुणावर जबरदस्ती नाही. पेन साउथला सरकारी सवलत होती, मागे युनियन होती. आम्हाला कोण होतं? सही करताना माझा हात थरथरला नाही, आणि आजही मला ती चूक वाटत नाही.

निघताना आजींनी विचारलं, "तुमच्याकडची जुनी माणसं तिथेच परत येणार ना?" मी म्हटलं, सगळी. "आणि महिन्याचा खर्च त्यांना झेपेल?"

घरी येऊन बाबांना फोन लावला. नव्या टॉवरचा मेंटेनन्स किती येईल, विचारलं. म्हणाले, अजून बोलणं झालेलं नाही, पुढच्या सभेत विचारतो.